कौलाआधीची तारीख

भिकाजीशेटच्या कट्टा गावातल्या ऑफिसात त्या दिवशी खापर फोडायला डोकं शोधणं चाललं होतं, आणि सगळ्यांच्या नजरा आपल्याच डोक्यावर आहेत हे संचिताला आत पाऊल टाकताच कळलं.

भिकाजीशेटचा धंदा पाहुण्यांना घरगुती खोल्या लावून देण्याचा. यंदापासून पाहुण्यांच्या व्हॉट्सअॅपला माणूस नव्हे, एआय एजंट उत्तर देत होता. खोली शोधायची, ती राखून ठेवायची, जत्रेची तारीख सांगायची, अशी एकेका कामाची टूल्स यज्ञेशनं बनवली होती. कुठलं टूल काय करतं आणि कधी वापरायचं हे एजंटला समजावं म्हणून प्रत्येकाखाली चार ओळी लिहायच्या, आणि त्या लिहायलाच संचिताला ठेवलं होतं. त्या ओळींपलीकडचं एजंटला काडीचं कळत नाही, हे यज्ञेशला पक्कं ठाऊक. पण ती काही विचारायला गेली की पुण्याहून परतलेला हा शहाणा मानही वर न करता म्हणायचा, "टूलचं नाव वाच ना. नावातच आहे सगळं." त्याचं ते बोलणं ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. 'जत्रेची तारीख' या टूलखाली तिनं शेवटी वैतागून लिहून टाकलं: जत्रेची तारीख सांगते.

जत्रा तिच्या सासरची, मसुऱ्यापलीकडच्या वाडीची. तिची तारीख पंचांगात सापडत नाही. देवीला कौल लावायचा आणि देवी देईल तो दिवस धरायचा. सॉफ्टवेअरला मात्र रिकामी जागा चालत नसे, म्हणून कौल होईपर्यंत तिथे गेल्या वर्षीची तारीख पडून असायची. ऑफिसात येणाऱ्या चहावाल्यालाही हे माहीत होतं. एजंटला कोणी सांगितलंच नव्हतं. मुंबईचे चाकरमानी विचारत, "कौल झालो काय?" आणि तो अगदी नम्रपणे कळवे, "होय, जत्रेची तारीख ठरली आहे," आणि ती जुनी तारीख देऊन मोकळा होई. लोकांनी रजा टाकल्या, तिकिटं काढली. देवीच्या आधी भिकाजीशेटच्या फोननं कौल दिला, असा गावभर बोभाटा झाला. भिकाजीशेट त्याच देवळाचे मानकरी.

"गावात तोंड दाखवूक जागा ठेवलात नाय माका!" शेट कडाडले. "रविवारी देवळात गाऱ्हाणां घालूचां आसा. चूक कोणाची, तां नाव घेवन सांगूचां लागतलां. बोला, कोणाचां नाव घालू?"

यज्ञेश खुर्चीत रेलला. "टूल बरोबर चालतंय. वर्णन हिनं लिहिलंय."

त्याचं काय जाणार होतं? तो वेंगुर्ल्याचा, त्या देवळात त्याला कुत्रं ओळखत नव्हतं. संचिताचं मात्र अख्खं सासर तिथे उभं राहणार होतं. गाऱ्हाण्यात, देवीपुढच्या त्या जाहीर विनवणीत, एकदा नाव आलं की मरेपर्यंत ती देवीच्या पुढे धावलेली सून ठरणार होती.

"मी विचारूक इलंय तेव्हा मान तरी वर केलंस रे?"

आता यज्ञेशची ऑफिसातली मराठी सुटून गावची बोली वर आली. "तू त्याच गावची सून मां गो? कौलाशिवाय तारीख नसता, ह्यां तुका मी सांगूचां?"

हे मात्र तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. पाणी ओलं असतं हे कोणी लिहून ठेवतं का? तसंच तिच्या हातून झालं होतं. स्वतःचाच राग आल्यानं ती अधिकच भडकली.

"आनि ती जुनी तारीख घालून ठेवूक कोणी सांगल्यान?"

यज्ञेशची नजर हळूच शेटकडे वळली, आणि तिला उत्तर मिळालं.

"फाटे फोडू नको," शेट घाईघाईनं म्हणाले. "तुझांच नाव घालतलंय."

रविवारी देऊळ गच्च भरलं. संचिताची सासू रुक्मिणी मान खाली घालून उभी होती. यज्ञेश आलाच नव्हता. भिकाजीशेटनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाण्याला सूर लावला. "बा देवी म्हाराजा, गावच्या सुनेच्या, ह्या संचिताच्या हातसून काय चूक घडली आसात..."

"व्हय म्हाराजा!" दर वाक्याला हा होकार द्यायचाच, तसा गाव गरजला.

संचिता पुढे झाली. बाईमाणसानं मध्ये बोलायची रीत नव्हती, तरी तिनं सूर लावला. "बा देवी म्हाराजा, सांगल्याशिवाय ज्येका काय कळणा नाय, त्या फोनाक कौलाची गजाल मी सांगूक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्येना टूल बनवल्यान, त्या यज्ञेशाक मी विचारलंय, त्येनापण सांगल्यान नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि कौल नसताना जुनी तारीख घालून ठेवूक ज्येंनी सांगल्यानी, ते भिकाजीशेट हयच उभे आसत!"

वर्षानुवर्षांची सवय. गावाचं तोंड आपोआप उघडलं. "व्हय म्हाराजा!"

त्यात भिकाजीशेटचाही आवाज होता.