छत्रीत धरलेलं गाणं

समोरच्या पाण्याच्या टाकीवरचं पाखरू मुकं झालंय, असं ताई दोन वर्षं म्हणत होती.

"येतं, बसतं, चोच उघडतं. आवाज म्हणून नाही. म्हातारं झालं बिचारं, गळा गेला त्याचा."

मला त्याची बारीक शीळ रोज ऐकू यायची. पण थोरल्या बहिणीला हे सांगायचं कसं? ताई छत्र्या दुरुस्त करते. खिडकीशी बसून त्या शिळेच्या तालावर टाके घालता घालता तिचे केस पांढरे झाले. तिच्यापुरती शीळ थांबली तसं तिनं टेबल ओढून भिंतीकडे नेलं. हाताबरोबर ओळी जुळवत गुणगुणायची, तेही सुटलं.

मी रेडिओ दुरुस्त करते. एकदा धीर करून म्हटलं, "ताई, त्याचा आवाज पकडून बघू या? लांबचा आवाज गोळा करायला मोठ्ठा खोलगट वाडगा लागतो."

"नसलेला आवाज पकडणार! शहाणीच आहेस." पण 'खोलगट' ऐकून तिची सुई थांबली. "छत्री चालेल?"

चालेल काय, धावेल! मधोमध दांडासुद्धा आयता.

कुणी परत न्यायलाच न आलेली एक भली थोरली काळी छत्री ताईनं काढली, काड्या ताठ केल्या. जुन्या हेडफोनमधला बटणाएवढा माइक मी कपड्यांच्या चिमट्यानं दांड्यावर बसवला, तोंड टाकीकडे. ऐकू काय आलं? मागच्या गल्लीतली हातगाडी.

"माझं कापड थेंब सोडत नाही," ताई फणकारली, "आवाज बरा सोडला!"

"आवाज थेंबाहून बारीक, ताई."

मग आतून खळ लावून वर्तमानपत्राचे थरावर थर चिकटवले. तीन दिवसांत छत्री वाळून टणक झाली. तरी पाखराचा आवाज येईना. ताई छत्रीभोवती फिरली, आत डोकावली.

"धाकटे, उलट्या छत्रीत पाऊस कुठे साठतो?"

"आत."

"आणि तुझ्या बटणाचं तोंड?"

बाहेर! वीस वर्षं रेडिओ उघडतेय मी. "म्हणजे पाखराकडे पाठ करायची?"

"रुसल्यासारखी. ऐकू आपोआप येतं."

आता माइक दांड्यावर नेमका कुठे? पलीकडच्या खोलीतल्या घड्याळावर छत्री रोखली, हेडफोन ताईच्या कानाला लावले, आणि मी चिमटा सरकवू लागले.

"पुढे... अजून... मागे. हां, इथ्थे! अगं, हे घड्याळ चालू आहे?"

"रोजच चालू असतं," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

ताईनं हेडफोन काढून कान चोळला. मग खडूनं दांड्यावर खूण केली.

सकाळी पाखरू आलं. छत्री धरून मी श्वाससुद्धा जपून घेतला. फोनवर टिपलेलं रेकॉर्डिंग आधी मी ऐकलं. शीळ अशी स्वच्छ, जणू खांद्यावर बसून घातलेली. मग हेडफोन ताईला दिले. ते दाबून ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"वाजतंय?"

खोटं बोलता आलं असतं. "वाजतंय, ताई."

ती टाकीकडे वळली. "म्हणजे गळा त्याचा नाही गेला."

असं सिद्ध करायला का छत्री बांधली होती? आणि मग आठवलं, कॅसेटची टेप संथ फिरली की बाईचा आवाज बाप्यासारखा जाड व्हायचा. आणि जाड आवाज तर ताईला ऐकू येतात! मी फोनवर शीळ संथ केली. अर्ध्यावर आणली. ताईनं मान हलवली, नाही. अजून अर्ध्यावर.

तिची बोटं टेबलावर हलली.

"थांब, बोलू नको." डोळे मिटलेले. "ही एक शीळ नाहीये गं. वर चढतंय... मधे श्वास घेतंय... आणि उतरताना तीन वळणं. तीन! तुला येतात ऐकू?"

मी दुसरा हेडफोन लावला. खरंच तीन. इतकी वर्षं मला नुसती एक रेघ ऐकू येत होती.

"मलाही नव्हतं माहीत," मी म्हटलं.

"बघ, तुझे कान एवढे तरणे!" ताई हसली, डोळे पुसले, आणि उठून टेबलाचं एक टोक धरलं. "बघतेस काय? उचल तिकडून."

टेबल खिडकीशी गेलं. टाकीवर चोच उघडली, मिटली. ताई तिकडे बघत, संथ, जाड आवाजात तीन वळणं घेत गुणगुणू लागली, आणि सुई चालू झाली:

एवढंसं पाखरू गं, केवढं त्याचं बोलणं
माझ्यासाठी शिकलं बाई, सावकाश चालणं