आतल्या पट्ट्या

चिमटा पुन्हा निसटला. कपडे वाळत घालायचा साधा लाकडी चिमटा. गिटारच्या कडेची बारीक पट्टी सरस वाळेपर्यंत धरून ठेवायची, एवढंच त्याचं काम, आणि तेही होईना... रामहरीनं तो शेडच्या कोपऱ्यात भिरकावला. समोर भिंतीवर कागद: लेकीसाठी, दिशासाठी करायच्या गिटारच्या तेवीस पायऱ्या. फाउंड्रीत एकतीस वर्षं त्यानं ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न घडवले होते. आधी काय, मग काय, हे कागदावर उतरल्याशिवाय करवतीला हात लावायचा नाही, ही तिथली शिस्त. पण हा कागद चारदा खोडून झाला होता. मान आधी की पेटी आधी? वरच्या फळीला भोक आधी पाडायचं की आतल्या पट्ट्या चिकटवल्यावर? काल एकदाच्या त्या पट्ट्या बसल्या, अकरावी पायरी संपली, आणि केडगावात ही शेड टाकल्यापासून पहिल्यांदा त्याला वाटलं होतं — जमतंय.

बायको, ज्योती, चहा घेऊन आली. कप ठेवून तिनं पट्ट्या बसवलेली ती वरची फळी उचलली, गंमत म्हणून पोटाशी धरली.

"दिशा अशी धरते," ती म्हणाली. "पुण्यात मैत्रिणीची गिटार आहे ना, तिच्या तारा उलट्या लावून घेतल्यात तिनं."

"उलट्या कशाला?"

"अहो, डाव्या हातानं वाजवते ती. तुम्हाला माहीतच नाही?"

नव्हतं माहीत. पोरगी लिहिते उजव्या हातानं, जेवते उजव्या हातानं — डावखुरेपण कधीच संपलं, असं धरून तो चालला होता. आणि ज्या नकाशावरून तो गिटार करत होता, तो उजव्या हाताचा. जाड तारांकडच्या पट्ट्या वेगळ्या, बारीक तारांकडच्या वेगळ्या. नुसत्या तारा फिरवून भागत नाही. गरम सुरी घालून सरस सोडवता येतो, पण फळी जेमतेम अडीच मिलिमीटर... चिरली की संपलं. कुठल्या हातानं वाजवतेस, हे विचारायची पायरी कुठं होती? पहिलीच्याही आधी. कागदावर एकच्या वर जागाच नव्हती, आणि याचाच त्याला भयंकर राग आला — कागदाचा, ज्योतीचा, पाच वर्षांच्या त्या दिशाचा, जी रोज संध्याकाळी पाटी घेऊन समोर बसायची आणि खडू डाव्या हातात धरायची. माझ्या आईनं सांगितलं म्हणून ओढणीनं बांधला होता तो हात... नाही, आई काहीच बोलली नव्हती. मीच बांधला. तीन महिने. रडली नाही ती. अक्षर सरळ आलं तेव्हा वही फाउंड्रीत नेऊन सगळ्यांना दाखवली मी.

त्यानं फोन लावला.

"दिशा, तू डाव्या हातानं वाजवतेस?"



"हो बाबा. का? तुम्ही उजव्या हाताची केली का?"

"पट्ट्या चिकटल्यात."

"मग असू द्या," ती लगेच म्हणाली, अगदी गोड आवाजात. "शिकेन मी उजव्यानं. होते सवय."

तिला क्लासला उशीर होत होता. फोन बंद झाला तरी रामहरी तो कानाशी धरून उभा राहिला. तिनं चिडायला हवं होतं. निदान एवढं तरी — मला न विचारता कशी केलीत? — एवढं तरी म्हणायला हवं होतं तिनं. आणि ती म्हणणार नाही, कधीच म्हणणार नाही, हे त्याला कळलं; हात बांधला तेव्हाही ती रडली नव्हती.