बून-हायचा आवाज

घशाच्या कर्करोगात माझ्या नवऱ्याचं, बून-हायचं, स्वरयंत्र काढावं लागलं. हुवेई गावातल्या देवळांपुढं बाहुल्यांचे खेळ करण्यात त्याची उभी हयात गेलेली. राजा, चोर, सासू, सून, सगळे त्याच्याच गळ्यातून बोलायचे. आता तो पाटीवर लिहायचा, तेही नाइलाज झाला तरच.

इस्पितळातल्या बाईंनी सांगितलं, की खेळांची जुनी रेकॉर्डिंगं कॉम्प्युटरला ऐकवली तर तो हुबेहूब तसा आवाज तयार करतो. लिहिलं की बोलतो. फक्त मेमरी भरपूर हवी. माझ्या भावानं बत्तीस जीबी बसवली आणि मशीन तापू नये म्हणून मोठा पंखाही लावून दिला. पण काम अर्ध्यावर आलं की बंद पडायचं. पडद्यावर लिहून यायचं: बसवलेली बत्तीस, वापरता येण्याजोगी सोळा.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा बून-हायनं लिहिलं, ‘राहू दे. मलाही आता निम्मंच जमतं.’

मी पाटी पुसली आणि पलीकडच्या गल्लीत म्याओलिंगकडं गेले. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते. जेवण टाकून आली.

तिनं सेटिंग बघितलं. तिथं काही चूक नव्हती. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांची टोकं खोडरबरानं घासली, परत लावल्या. तरी सोळाच. मग एकेक पट्टी दोन्ही खाचांत लावून बघितली: एका खाचेत दोन्ही चालायच्या, दुसऱ्या खाचेत एकही नाही.

"म्हणजे पट्ट्या चांगल्या आहेत," ती म्हणाली. "वहिनी, हा पंखा कुणी बसवला?"

"माझ्या भावानं. का गं?"

"पैलवान आहे का तो? एका बाजूनं इतका आवळलाय, की खालचा प्रोसेसर नीट टेकतच नाही. पलीकडच्या पट्टीपर्यंत पोचणार कसा तो?"

बून-हायचे खांदे हलले. तो हसत होता. आवाज नसलेलं ते हसू मी पहिल्यांदाच पाहत होते.

तिनं पंखा सोडवला, प्रोसेसर उचलून परत ठेवला, मग चारी स्क्रू आलटूनपालटून, हलक्या हातानं पिळले. मशीन सुरू केलं. बत्तीसच्या बत्तीस दिसली. मी लगेच रेकॉर्डिंगं परत लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज तयार झाला. मी म्याओलिंगला बोलावून आणलं. बून-हायनं सावकाश टाइप केलं आणि त्याचाच, किंचित घोगरा आवाज खोलीत आला:

"म्याओलिंग, कशी आहेस? बस. हिनं तुला चहा तरी दिला का?"

म्याओलिंग उभीच राहिली. डोळे पुसत म्हणाली, "मास्तर, लहानपणी तुमच्या सासूला मी इतकी घाबरायचे, की आईच्या पाठीमागं लपून खेळ बघायचे. तिला बोलवा ना."

त्यानं टाइप केलं. सासू कडाडली, "कामधाम नाही का गं तुला?"

आम्ही तिघंही हसलो. मी म्याओलिंगचा हात धरला. म्हणाले, "तुझं घरचं जेवण काल गार झालं असेल. आज इथंच जेव."

"मासे असतील तर," ती म्हणाली.

मासे होतेच. बून-हायनं सकाळीच उठून बाजारातून आणून ठेवले होते.