शोभाताईंचा टेप आणि रोशनीचे कान

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मित्रांनो, माझा आवाज घोगरा झाला असला, तरी आज तो मी अभिमानाने काढणार आहे.

शोभाताईंनी मला नागपूरच्या लकडगंजमधल्या दुकानातून आणले. त्या शाळेत इंग्रजी शिकवत. मला टेबलावर ठेवून म्हणत, "पुस्तक मिटा, कान उघडा!" वीस वर्षे मी वर्ग गाजवला. मग त्या निवृत्त झाल्या आणि मी घरच्या कपाटावर धूळ खात पडलो.

एके दिवशी शेजारची रोशनी आली. ती बुटीबोरीच्या कापड कारखान्यात काम करते. तिथल्या नव्या यंत्राची माहिती परदेशातला इंजिनिअर व्हिडिओ कॉलवर इंग्रजीत देत असे.

"मावशी, वाचलं तं समजते. पण तो साहेब बोलते तं मले काहीच समजून नाही राहिलं."

"काहून समजंल वं? तो बोलते, अन् तू मनात त्याचं मराठी करत बसते. तोवर तो पुढं जाते!"

ताईंनी माझी धूळ पुसली, रबरी पट्टा बदलून आणला. रोशनी रोज संध्याकाळी येऊ लागली. ताई माझ्यात इंग्रजी धड्याची कॅसेट लावत. पहिल्यांदा न थांबता नुसते ऐकायचे. दुसऱ्यांदा शब्द पकडायचे. तिसऱ्यांदा ऐकलेले लिहायचे आणि मगच पुस्तक उघडायचे. 'कॅन' आणि 'कॅन्ट' तिला सारखेच वाटत. ताई म्हणाल्या, "शेवटचा ट ऐकूच येत नाही कधी कधी. जोर कुठं देते, ते ऐक."

तीन महिने गेले. एका संध्याकाळी ती धापा टाकत आली.

"मावशी, साहेब म्हणाला, यंत्र सुरू करू नका. सगळ्यायले ऐकू आलं, करा! यंत्रावरच्या चंद्रभानदादानं बटनावर हात ठेवला. अन् मांगच्या बाजूनं आमच्यातली सरिता रोलर पुसून राहिली होती! मी ओरडली, थांबा! मग साहेबाले परत विचारलं. तो म्हणाला, नो, नो, यू कॅन्ट!"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी रोशनीला जवळ घेतले.

मित्रांनो, कळले नाही तर पुन्हा विचारायला लाजू नका. आणि घरातल्या जुन्या वस्तूंना लगेच भंगारात काढू नका.

आता रविवारी कारखान्यातल्या पाचजणी माझ्यापुढे बसतात. सगळ्यांत जवळ सरिता असते. ती अजून खूप चुकते. मी तेच वाक्य पुन्हा म्हणतो, दहादा म्हणतो. मला कधी कंटाळा येत नाही.