हॉगननी सुई दिली

डुलुथच्या रुग्णालयात डॉ. लोवेल हॉगन हृदयाची ऑपरेशनं करत आणि मी त्यांची नर्स होते. एके सकाळी टाका घालताना त्यांचा हात थरथरला. त्यांनी लगेच सुई शेजारच्या डॉ. रूथकडे दिली.

"तू पुरं कर."

"सर, जरासाच तर हलला!"

"जरासा पुरतो, बाई."

रोगी सुखरूप वाचला, पण हॉगननी पुन्हा सुई धरली नाही. बायको ग्रेटा म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड नको. सरोवरावर जाऊन मासे धर!"

दोन हिवाळे त्यांनी मासे धरले, पण जीव रमेना. शेवटी ते परत आले आणि ऑपरेशनला घाबरलेल्या रोग्यांपाशी बसू लागले. अवघड ऑपरेशनाआधी रूथही त्यांच्यापाशी येऊन बसते.