मागचा ब्रेक कुरकुरत होता

मित्रांनो, जिन्याखाली गोणपाट पांघरून बसलेली मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझं हॅन्डल गंजलं आहे, सीटमधला स्पंज उंदरांनी पळवला आहे. पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे.

मला दोघा भावंडांनी मिळून घरी आणलं. भाऊ कारखान्यात लेथवर काम करायचा. त्याची ताई दुकानांच्या पाट्या रंगवायची. तिचा हात इतका स्थिर, की पट्टी न लावता सरळ रेघ ओढायची. माझ्या टाकीवर तिनं पिवळी रेघ ओढली, तेव्हा शेजारपाजारचे लोक हातातलं काम टाकून बघत उभे राहिले होते. मी तर हरखूनच गेले.

आठवडाभर मी भावाला कारखान्यात पोचवायची, ताईचे रंगाचे डबे वाहायची. थंडीतल्या सुट्टीची सकाळ मात्र आम्हा तिघांची असे. भाऊ छातीशी वर्तमानपत्र धरून वरून स्वेटर चढवायचा. ताई मागे बसून त्याच्या खिशांत हात खुपसायची. तळ्यापर्यंत जायचं, चहा प्यायचा आणि ऊन चढलं की परतायचं. ताई वाटभर बडबडायची. वाऱ्यात भावाला निम्मं ऐकू यायचं नाही, तरी तो "हो, हो" करायचा.

एका हिवाळ्यात माझा मागचा ब्रेक झिजला. मला बोलता येत नाही. मी कुरकुरून सांगत होते. एका सुट्टीच्या सकाळी ताईनं ते ऐकलं.

"अरे, ब्रेक ओरडतोय. आधी दाखवून घे ना."

"आज सगळी गॅरेजं बंद. उद्या बघू."

"मग आज नकोच जाऊया."

"एवढ्यानं काय होतंय! दिवसभर यंत्रांतच असतो मी. मला नको शिकवूस, बस."

ताई बसली.

तळ्याजवळच्या वळणावर धुक्यातून एक दूधवाला सायकलवरून अचानक समोर आला. भावानं ब्रेक दाबला. मी जिवाच्या आकांतानं चाक धरायला गेले, पण धरवलं नाही. दूधवाला बचावला. भावाला थोडं खरचटलं. ताई मात्र उजव्या मनगटावर पडली.

हाड जुळलं, पण हाताची स्थिरता गेली. तिनं एक पाटी रंगवून पाहिली. अक्षरं वेडीवाकडी आली. तिनं ती पुसून टाकली, कुंचले जवळच्या शाळेला दिले आणि रंगाच्या दुकानात विक्रीच्या कामाला लागली. भावाला ती एका शब्दानंही बोलली नाही, आणि तेच त्याला खात राहिलं. त्यानं मला जिन्याखाली लोटलं. हळूहळू तो ताईशीही कामापुरतंच बोलू लागला. एका घरात राहून दोघं पाहुण्यांसारखी वागू लागली.

असे अकरा हिवाळे गेले. परवाच्या सुट्टीला सकाळीच ताई जिन्याखाली आली आणि तिनं भावाला हाक मारली.

"काढ ही बाहेर. तळ्यावर जाऊ."

"ताई, कोणत्या तोंडानं नेऊ तुला?"

"हाताचं मी केव्हाच रडून घेतलंय रे. पण तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलत नाहीस, त्याचं काय करू?"

भावानं वाकून माझं हॅन्डल धरलं. मग त्यानं मला अंगणात आणलं, प्लग काढून आत तेल सोडलं आणि सगळा भार देऊन किकवर उभा राहिला. किक हलेना. पुन्हा, पुन्हा, थंडीत घाम फुटेपर्यंत. मी सगळा जीव एकवटला. पण माझं इंजिन आतून गंजून जाम झालं होतं. तो मला न्यायला तयार झाला, आणि मीच निघू शकले नाही.

"राहू दे," ताई म्हणाली. "पायी जाऊ."

दोघं निघाली. फाटकापाशी भाऊ थांबला. "ताई, त्या दिवशी मी तुझं ऐकायला हवं होतं," तो म्हणाला. पुढचं बोलणं रस्त्यावर गेलं.

मित्रांनो, यंत्र कुरकुरलं तर त्याच दिवशी लक्ष द्या. आणि चूक झालीच, तर ती माझ्यासारखी अडगळीत लोटू नका. ज्याला लागलं आहे, त्याच्याजवळ जाऊन लगेच बोला. अकरा वर्षांनीही बोलता येतं, हे मी ऐकलं आहे. पण त्या दोघांना पुन्हा पाठीवर घेऊन जायचं सुख माझ्या वाट्याला आलं नाही.