बटणांच्या डबीतली कवळी

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे. वरची. खालची माझ्याच बरोबर जन्मली, पण तिच्याबद्दल मी फार बोलणार नाही. एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नाही. कोणी शिंकलं की हिचा तोल गेलाच. कवळी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल, कारण तुमच्या तोंडात अजून फुकटचे दात आहेत. ज्यांचे सगळे पडले त्यांच्यासाठी गुलाबी हिरडीवर पांढरे दात बसवून जो संच करतात, ती मी. हसू नका. तुमचीही वेळ येईल.

माझा जन्म दवाखान्यामागच्या एका अरुंद खोलीत झाला. सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ आणि वितळलेल्या मेणाचा वास. फळीवर शेजार मिळाला तोही एकेक नग. एक कॅप होती. किडका दात कोरायचा आणि वरून ही टोपी चढवायची, म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा. एक ब्रिज होता. मधला दात गेला की दोन्ही शेजाऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा राहणारा, स्वतःचे पाय नसलेला. आणि हाडात स्क्रू पिळून बसवायचा एक दात होता, त्याचा तोरा तर विचारूच नका. “मी कायमचा,” म्हणायचा. कायमचं या जगात काय असतं रे बाबा? पण मी तोंड उघडलं नाही. तोंड उघडायला आधी तोंड मिळावं लागतं.

ते मिळालं ते एका शिंप्याचं. सगळे त्याला तात्या म्हणत. याचे दात कशाने गेले माहीत आहे? कात्री हाताशी असताना दोरा दाताने तोडून. टाचण्या दातात धरून. बाटल्यांची झाकणं दातांनी उघडून, वर “बघा, अजून लोखंडासारखे आहेत” म्हणून. त्या बिचाऱ्यांनी तरी किती सोसायचं? एकेकाने रजा घेतली, आणि तोंडाचं बोळकं झालं.

डॉक्टरांकडे माप द्यायला आला तेव्हाही याची ऐट शिंप्याचीच. डॉक्टरांनी तोंडात लगदा भरला तर हा हातवारे करायला लागला. लगदा निघाल्यावर म्हणाला, “माप घेताना गिऱ्हाइकाला बोलू द्यावं हो. आम्ही देतो.” मेणाचे दात लावून बघायला बोलावलं तेव्हा आरशात मान तिरकी करून म्हणतो कसा, “ट्रायल बरी आहे, डावीकडे जरा सैल वाटतंय.” डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

शेवटी मी घरी आले. आता भाकरी मोडेन, सुपारी नाही तर पेरू तरी फोडेन, अशी माझी स्वप्नं. घरात पाऊल टाकताच तात्याने मला काढलं, रुमालाने पुसलं आणि बटणांच्या जुन्या डबीत टाकलं!

“अहो तात्या, जेवायला तरी घाला,” सून म्हणाली.

“चांगली वस्तू घरात घालून झिजवायची?” तात्या म्हणाला. “घरात कोण बघतंय?”

हा याचा जन्माचा नियम. नवा सदरा बाहेर, घरात फाटका बनियन. नव्या चपला बाहेर, घरात अंगठा तुटलेल्या. आणि मी? मी बाहेरचा कपडा! हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असं म्हणतात. या माणसाकडे फक्त दाखवायचे होते. कुठे समारंभ असला, फोटो असला, की मी बाहेर. जेवणाची पानं मांडली की परत रुमालात, खिशात. चावण्यासाठी जन्मलेली मी, आणि माझ्या नशिबी फोटोत दात विचकणं. बाकीचे दिवस त्या डबीत, हुक, प्रेसबटणं आणि तुटक्या चेनच्या संगतीत, कोरडी पडून. कवळीला पाण्यात ठेवायचं असतं, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. ऐकतो कोण?

या घरात एक नात होती. तात्या तिला बटण म्हणायचा, कारण ती गोल आणि टपोरी, आणि कुठे पडली की सापडायची नाही. बटणला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कानाला यंत्र लावलं की थोडा गलका समजायचा, बाकी सगळं ती लोकांच्या तोंडाकडे बघून ओळखायची. मुलगा आणि सून दिवसभर दुकान सांभाळायचे. तात्या घरी मशीनवर काहीबाही शिवत बसायचा आणि बटण त्याच्यासमोर.

बटण ‘आई’ म्हणायची. ‘बाबा’ म्हणायची. ‘मामा’सुद्धा म्हणायची, आणि तो मामा दोन वर्षांत एकदा यायचा. पण तात्याला हाक मारायची झाली की ती ओठ आत ओढायची, जीभ लांब बाहेर काढायची आणि नुसतीच फुसकन हवा सोडायची. गल्लीतली पोरं तिची नक्कल करत “म्हातारी आली, म्हातारी आली” ओरडायची. ते तिला ऐकू येत नव्हतं, पण तोंडं दिसत होती. ती घरी येऊन मशीनखाली बसून राहायची. तात्याही त्या दिवशी मशीन चालवायचा नाही. एकदा, फक्त एकदा तिने आपल्याला तात्या म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. तेवढ्यासाठी त्याने नवस सोडून सगळं केलं. माझी डबी उघडणं मात्र सुचलं नाही.

तिला बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. एक दिवस दुकान बंद असताना त्या घरीच आल्या. बटणला आरशासमोर बसवलं, त्या स्वतः ‘त’ म्हणाल्या. बटणने ओठ आत घेतले, जीभ बाहेर काढली. बाईंनी परत म्हटलं. परत तेच.

“कमाल आहे,” बाई म्हणाल्या. “हिचे दात इतके छान, आणि ही बोळक्या तोंडाने का बोलते? दिवसभर हिच्यासमोर कोण असतं?”

सुनेने तात्याकडे बघितलं. तात्याने मशीनवरून मान वर केली.

“आजोबा, जरा तात्या म्हणा बघू.”

तात्या म्हणाला. ओठ आत गेले, जीभ बाहेर आली. समोर बटणनेही तेच केलं, हुबेहूब.

“आजोबा,” बाई हळूच म्हणाल्या, “त, थ, द, ध, न म्हणताना जीभ दातांना लागते. म्हणून तर त्यांना दंत्य म्हणतात. तुमच्या तोंडात दात दिसत नाहीत, मग ती जीभ लावणार कुठे? ती चुकत नाहीये. तुम्ही दाखवताय तेच बरोबर करतेय.”

“कवळी आहे की माझी!” तात्या उसळून म्हणाला. “चांगली आहे. डबीत आहे.”

“मग घालत का नाही?”

“आता घरात कोण...” तात्या म्हणाला आणि थांबला. बटण त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

दात घशात घालणं म्हणतात ते हे. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

त्याने तिथल्या तिथे डबी उपडी केली. माझ्या टाळूला चिकटलेलं हुक उपटलं आणि मला तोंडात कोंबलं. पण कोरडी राहून मी आखडलेली, त्याच्या हिरड्याही बसलेल्या. बसेना. मग या शहाण्याने काय करावं? कानस घेतली आणि मलाच घासायला बसला! शिंपी ना, फिटिंग घरीच करणार! पार वाट लावली माझी. तोंडभर फोड आल्यावर डॉक्टरांकडे गेला.

“कानस कोणी मारली?” डॉक्टर ओरडले.

“थोडी आल्टर केली,” तात्या म्हणाला.

“अहो, ही काय पँट आहे? आता आतून नवा थर द्यावा लागेल.”

“म्हणजे अस्तर. तसं सांगा ना.”

अस्तर लागलं. “आणि आता दोरा दातांनी तोडायचा नाही,” डॉक्टरांनी दरडावलं; बरोबर आलेली बटण त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यानंतर हा माणूस मला घालून बसला तो बसलाच. हिरड्या सोलल्या, बोलताना कटकट आवाज झाला, दोनदा मी आमटीत पडले, खालची तर कुठेकुठे पडली ते सांगत नाही. बटण आधी घाबरली. हे तोंड तिच्या ओळखीचं नव्हतं. मग जवळ येऊन तिने माझ्यावरून बोट फिरवलं. रोज दोघं आरशासमोर बसायची. तिचा हात त्याच्या तोंडापुढे, त्याचा तिच्या, हवा कशी लागते ते बघायला. त, त, त. कंटाळून माझा जीव गेला.

आणि एका दुपारी तात्या सदऱ्याला काज करत होता. झालं काज, आणि जन्माची खोड, कात्री बाजूला ठेवून त्याने दोरा माझ्याकडे आणला. मी मनात म्हटलं, संपलं. एवढ्यात समोरून आवाज आला.

“तात्या! दात!”

मोठ्याने, रागावून, बोट रोखून. जीभ दातामागे जिथे लागायला हवी तिथेच. डॉक्टरांची बोलणी बटणने पाठ केली होती, तात्याने नाही.

तात्याच्या हातून सुई पडली. तो रडला. म्हणजे, ते रडले. त्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहो करते; मनातल्या मनात, उगाच शेफारायला नकोत.

आता मी झिजले आहे. माझ्या दाढा सपाट झाल्या आहेत, पेरू फोडताना कडेला चीर गेली आहे. परवा डॉक्टरांनी नवा संच दिला. पांढराशुभ्र, बावळट. तात्यांनी तो घातला, बटणने त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि तळहाताने तोंड झाकून टाकलं. “हे नको. माझे दात,” ती म्हणाली. तिचे! मी चक्क तिची निघाले.

“बरं, घरात जुनेच घालतो,” तात्या म्हणाले. “नवे बाहेर.” पण काल समारंभाला निघताना त्यांनी नवा संच डबीत टाकला आणि मलाच घेऊन निघाले. सून म्हणाली, “अहो तात्या, नवे घाला की!”

“बाहेर कोण बघतंय?” तात्या म्हणाले.

तर मित्रांनो, दात घासा. दोऱ्यासाठी कात्री वापरा. आणि तुमच्याकडे जे काही चांगलं असेल, सदरा, हसू, गोड बोलणं, ते पाहुण्यांसाठी डबीत ठेवू नका. घरातलं कोणीतरी रोज तुमच्या तोंडाकडे बघून शिकत असतं, हे तुमच्या टाळक्यात शिरेल असं वाटत नाही, पण सांगून ठेवते. आता पुरे. बटण शाळेतून येईल. ती दारातूनच आधी तात्यांच्या तोंडाकडे बघते. मी जागेवर हवी.